नवा फोन घ्यावा काय?

परमार्थाच्या मासिकात मोबाइल फोनचा विचार कशाला, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. फोन हा बाजारातला जिन्नस. तो कोणता घ्यावा आणि केव्हा बदलावा हे दुकानदाराने सांगावे. त्यात आम्ही का पडावे? शंका वावगी नाही. परंतु दुकानदार जे सांगेल ते त्याच्या गल्ल्याच्या सोयीचे सांगेल, हे उघड आहे. शिवाय जी वस्तू आपण सकाळी डोळे उघडताच हातात घेतो, रात्री उशाशी ठेवून निजतो, आणि दोन-तीन वर्षे झाली न झाली तोच बदलावी असे म्हणू लागतो, त्या वस्तूविषयी विवेक करायचा नाही तर कशाविषयी करायचा?

आज आळंदीहून पंढरीस जाणाऱ्या वाटेवर पाहावे. सुमारे अडीचशे किलोमीटरची पायी चाल, आणि त्या चालीत बहुतेकांच्या खिशात किंवा पिशवीत फोन आहे. दिंडी पुढे गेली आणि एखादी म्हातारी मागे राहिली, तर ती फोनवरूनच मुक्काम विचारते. घरी खुशाली त्यावरूनच जाते, चहाचे पैसेही त्यावरूनच दिले जातात. फोन वारीत आला आहे तो कामासाठी आला आहे. तो टाकून द्या असे म्हणणे आमच्या मनातही नाही. आमच्या संतांनी हत्यारे टाकली नाहीत. गोरोबाकाकांनी चाक टाकले नाही, सावतोबांनी मळा टाकला नाही, सेना महाराजांनी धोपटी टाकली नाही. तेव्हा प्रश्न फोन असावा की नसावा हा नाहीच. हातातला फोन चालत असता दुसरा घ्यावासा वाटतो, त्या वाटण्याचे काय करावे, हा प्रश्न आहे.

हे वाटणे येते कोठून ते आधी पाहू. घरी बसलेल्या माणसाला आपल्या फोनमध्ये काही उणे दिसत नव्हते. मग शेजाऱ्याने नवा फोन आणला, किंवा याच्याच फोनवर एक जाहिरात आली. जाहिरातीत दोन फोन शेजारी शेजारी मांडलेले. याचा कॅमेरा इतका, त्याचा तितका. याची मेमरी आठ, त्याची बारा. याची बॅटरी पाच हजार, त्याची सहा हजार. तो तक्ता वाचता वाचता याचा हात आपल्या खिशाकडे जातो, आणि कालपर्यंत जो फोन चांगला होता तो एकाएकी जुना होऊन बसतो. फोनमध्ये काहीच बदलले नाही, बरे का! बदलले ते मापन.

येथे कोणी म्हणेल, ‘तुलना करणे हा बुद्धीचा धर्मच आहे. नित्य कोणते आणि अनित्य कोणते हे निवडणे म्हणजे विवेक, आणि निवड तुलनेशिवाय होत नाही. मग तुलनेला दोष का देता?’ हा पूर्वपक्ष बळकट आहे आणि आम्हांला मान्यही आहे. तुलनेला दोष नाही. दोष आहे तो मापाला बूड नसण्यात. पायलीने धान्य मोजता येते, कारण पायलीला बूड असते. बूड निघालेल्या पायलीत कितीही ओता, ती भरायची नाही, आणि किती धान्य झाले तेही कळायचे नाही. फोनची तुलना दुसऱ्या फोनशी करणे हे असे बिनबुडाचे मोजणे आहे. आज जो सरस ठरला तो सहा महिन्यांत नव्या नमुन्यापुढे निरस ठरणार. फोनची तुलना आपल्या कामाशी केली तर मात्र मापाला बूड लागते. माझे काम काय, ते या फोनने होते की अडते, एवढे विचारले की उत्तर ‘होते’ किंवा ‘अडते’ असे येते, आणि तेथे मोजणे संपते. हीच आमच्या लेखाची मुख्य गोष्ट आहे: वस्तूची तुलना वस्तूशी करू नये, वस्तूची तुलना कामाशी करावी.

तक्त्यातले रकाने कोण पाडतो, हेही ध्यानात घ्यावे. ते विकणारा पाडतो. ‘तुमचे कोणते काम अडले आहे?’ असा रकाना कोणत्याही तक्त्यात नसतो. आणि जे आकडे असतात त्यांचा अर्थही पुष्कळदा आपण समजतो तसा नसतो. कॅमेऱ्याचेच घ्या. पन्नास मेगापिक्सेल म्हटले की आपल्याला वाटते, बारा मेगापिक्सेलच्या चौपट चांगले छायाचित्र निघेल. प्रत्यक्षात असे पुष्कळ फोन शेजारशेजारचे चार बिंदू एकत्र करून एक बिंदू करतात, आणि नेहमीचे छायाचित्र साडेबारा मेगापिक्सेलचेच देतात. छायाचित्राचा चांगलेपणा भिंगावर, प्रकाश टिपणाऱ्या पट्टीच्या आकारावर आणि आतल्या गणितावर अधिक अवलंबून असतो. पडद्याचे तसेच. तो सेकंदाला साठ वेळा ताजा होतो की एकशेवीस वेळा, हा फरक पडदा भरभर सरकवताना दिसतो. स्थिर पानावर हरिपाठ वाचणाऱ्याला तो दिसणार नाही. उलट जास्त वेळा ताजा होणारा पडदा बॅटरी अधिक खातो. फाइव्ह-जी सेवा आपल्या देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, म्हणून फोर-जीचा फोन त्या दिवशी मुका झाला काय? त्यावर बोलणे होते, पैसे जातात, कीर्तन ऐकू येते.

‘पण आमचा फोन खरोखरच चालत नाही,’ असे म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी आपल्या घरचाच दृष्टांत देतो. पखवाजाची पुडी फाटली तर वादक काय करतो? पुडी बदलून आणतो. वादी सैल झाली तर ताणून घेतो. डाव्या अंगाची कणीक तर खरवडून पुन्हा ताजी लावावीच लागते. खोड मात्र तेच राहते. आजोबांनी वाजवलेले खोड नातवाच्या गळ्यात दिसते ते यामुळेच. टाळाची दोरी तुटली म्हणून टाळ कोणी चंद्रभागेत टाकीत नाही. झिजणारा भाग कोणता आणि टिकणारा कोणता हे ज्याला कळते त्याचे वाद्य पिढ्यान् पिढ्या चालते.

फोनमध्ये झिजणारा भाग म्हणजे मुख्यतः बॅटरी. ती लिथियम-आयन जातीची असते आणि भरणे-उतरणे यातच तिचे आयुष्य सरते. पुष्कळ बॅटऱ्या सुमारे ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर मूळ ताकदीच्या ८० टक्क्यांवर येतात. अलीकडच्या चांगल्या बॅटऱ्या ८०० ते १००० फेरे काढतात. ऊन आणि उष्णता हे तिचे वैरी. तेव्हा दुपारच्या विसाव्याला फोन उन्हात ठेवून चार्जिंगला लावू नये. बॅटरी म्हातारी झाली की फोन दुपारीच मान टाकतो, आणि कधी कधी मंदही होतो. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपल कंपनीने स्वतःच कबूल केले की बॅटरी जुनी झालेल्या काही फोनांची गती ती आतून कमी करीत होती, आणि कारण दिले ते फोन एकाएकी बंद पडू नये हे. मग तिने बॅटरी बदलण्याचा दर कमी केला. ही गोष्ट गिऱ्हाइकांना नीट सांगितली नाही म्हणून फ्रान्समध्ये २०२० साली तिला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. या प्रकरणातून आपण घ्यायचा बोध एवढाच की, फोन थकला असे ज्याला वाटत होते त्याची पुष्कळदा बॅटरीच थकलेली होती. पुडी बदलायची होती, आणि माणसे खोडासकट पखवाज टाकीत होती.

दुसरा त्रास ‘जागा भरली’ हा. यात मात्र आपण वारकऱ्यांनी स्वतःकडे पाहायला हवे. रोज सकाळी दहा जण पांडुरंगाचे चित्र पाठवतात, एकादशीला शंभर येतात, आणि ती सगळी फोनमध्ये साठून राहतात. पुसायला हात धजत नाही. ‘देवाचे चित्र पुसायचे कसे?’ असे एका माळकरी बाईंनी आम्हांला विचारले. प्रश्न भाबडा नाही. त्यात श्रद्धा आहे. आमचे उत्तर असे की, देवाला वाहिलेले फूलही दुसऱ्या दिवशी निर्माल्य म्हणून उतरवतोच ना? उतरवण्यात अनादर नाही. उतरवले नाही तर देव्हारा कुजेल. फोनमधली चित्रेही तशीच नमस्कार करून उतरवावीत. पाठवणाऱ्यानेही, चित्राऐवजी दोन शब्द ‘रामकृष्णहरि’ लिहिले तर ते भावाने कमी होत नाही, हे लक्षात ठेवावे. एवढ्याने कित्येकांचा फोन पुन्हा धावू लागेल.

आता दुसरी बाजू. आमचे लिहिणे वाचून कोणी असे समजेल की जुना फोन चिकटून धरणे हेच वैराग्य. तसे नाही. वैराग्याचेही ढोंग होऊ शकते. फोनला कंपनीकडून सुरक्षेची डागडुजी येत असते, तिला अपडेट म्हणतात. ती यायची बंद झाली की फोन म्हणजे कडी मोडलेले घर. त्यावर बँकेचे आणि पैसे देण्याचे व्यवहार करणे धोक्याचे, आणि काही वर्षांनी बँकेचे ॲपच त्यावर उघडेनासे होते. अशा फोनवर घरची बचत उघडी ठेवून ‘मला मोह नाही’ असे म्हणणारा मोहातून सुटला नाही, आळसात पडला आहे. स्वतः फोन न घेता रोज शेजाऱ्याला ‘जरा लावून दे’, ‘जरा पैसे पाठव’ म्हणणारा आपल्या वैराग्याचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर टाकतो. ज्या आशाताईला नोंदी फोनवरूनच भराव्या लागतात, ज्या टेम्पोवाल्याला भाड्याचे काम फोनवरूनच मिळते, ज्या आजोबांची नजर मंदावली आहे आणि अक्षरे मोठी करूनही लहान पडद्यावर ओळ मावत नाही, त्यांनी नवा फोन घ्यावा, आणि मनात खंत न ठेवता घ्यावा. तेथे काम अडले आहे. मापाला बूड आहे.

मग खर्चाचा विचार. येथे बाजाराने एक गोड वाट काढून ठेवली आहे, तिचे नाव बिनव्याजी हप्ता. वीस हजारांची वस्तू महिन्याला थोडे थोडे देऊन मिळते म्हटले की वीस हजार दिसेनासे होतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच खरी नव्हे. व्याज कोठे तरी असतेच. ते किमतीत, सवलतीत किंवा शुल्कात दडवलेले असते. आमची परंपरा सांगते की तुकोबांनी लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते, आपल्या वाट्याची तेवढी, इंद्रायणीत बुडवली. ज्यांनी दुसऱ्याच्या मानेवरचे खत सोडवले, त्यांचे नाव घेणाऱ्याने, चालत्या फोनच्या जागी दुसरा चालता फोन आणण्यासाठी, आपल्याच मानेवर नवे खत लिहून घ्यावे काय? काम अडले असेल आणि हातात पैसे नसतील तर हप्ता घ्यावा लागेल, तो वेगळा. हौसेचे कर्ज मात्र हौस संपल्यावरही उरते.

ही झाली आपल्या घरची बाजू. परंतु फोन आपल्या खिशात येण्यापूर्वी आणि खिशातून गेल्यानंतरही एक संसार करतो. तो आपल्याला दिसत नाही, म्हणून तो नाही असे होत नाही. बॅटरीत कोबाल्ट नावाचा धातू लागतो. जगात खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक आफ्रिकेतील काँगो या एका देशातून येतो. तेथे हाताने खणून धातू काढणाऱ्यांत लहान मुलेही आहेत, असे ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेने जानेवारी २०१६ मध्ये अहवाल काढून जगापुढे आणले. फोन बनवणाऱ्या कंपन्यांचेच हिशेब पाहिले तर, एका फोनपायी वातावरणात जो कर्बवायू जातो त्याचा मोठा भाग फोन आपल्या हातात पडण्यापूर्वीच, तो घडतानाच, गेलेला असतो. ॲपलच्या फोनांत हे प्रमाण सुमारे चार-पंचमांश आहे. म्हणजे आपण वर्षभर चार्जिंग करून जे पाप म्हणा वा ओझे म्हणा जोडतो, त्याहून कितीतरी अधिक एक नवा फोन विकत घेतला त्याच क्षणी जोडतो. आणि फोन टाकल्यावर? संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विजेच्या वस्तूंचा कचरा झाला, आणि त्यातला २२.३ टक्के तेवढाच रीतसर गोळा होऊन पुन्हा उपयोगात आल्याची नोंद आहे. उरलेल्यातला कितीतरी भंगार म्हणून फोडला जातो, तारा जाळून तांबे काढले जाते, आम्लात पट्ट्या बुडवून सोने काढले जाते. तो धूर कोण्या गरिबाच्या पोराच्या छातीत जातो. ज्याला सर्वांभूती देव पाहायचा आहे त्याने काँगोतल्या मुलातला आणि भंगारवाल्याच्या मुलातला देव वगळून चालेल काय? चालता फोन दोन वर्षे अधिक वापरणे ही फार लहान गोष्ट आहे. पण ती आपल्या हातातली आहे.

यावर एक पळवाट सांगितली जाते. ‘आम्ही जुना फोन टाकीत नाही, आईला देतो.’ चांगले आहे. दुसऱ्याच्या उपयोगी पडले तर वस्तूचे आयुष्य वाढले. पण घराघरांत काय दिसते? मुलाला नवा, बापाला मुलाचा जुना, आणि आईला बापाचा त्याहून जुना. काच तडकलेली, बॅटरी दुपारी संपणारी. नवा फोन कोणाला हवा हे ठरवतानाही मोजमाप कामाचेच हवे. घरात मुलगी शिकत असेल आणि तिचा अभ्यास अडत असेल तर नवा फोन आधी तिचा. आई एकटी गावी राहत असेल आणि तिच्या आजारपणात फोनच आधार असेल तर चालती बॅटरी आधी तिची. देवाला नासकी केळी ठेवू नयेत हे आपल्याला कळते. आईच्या हातात काय ठेवतो तेही कळायला हवे.

आता घ्यायचाच असे ठरले तर तुलना अवश्य करावी, पण रकाने आपले आपण पाडावेत. पहिला रकाना: सुरक्षेची डागडुजी किती वर्षे मिळणार? गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलक्सी एस २४ पासून सात वर्षांचे वचन दिले आहे. स्वस्त फोनांत ही मुदत पुष्कळ कमी असते, म्हणून विचारून घ्यावी. दुसरा: बॅटरी आणि पडदा बदलून मिळतो काय, आणि तालुक्याच्या गावी दुरुस्ती होते काय? युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियमच लागू केला आहे की फोनचे महत्त्वाचे सुटे भाग त्या नमुन्याची विक्री थांबल्यावरही सात वर्षे मिळाले पाहिजेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षअखेर संकेतस्थळ सुरू केले. तेव्हा दुरुस्ती मागणे हा कंजूषपणा नव्हे, हक्क आहे. तिसरा रकाना पावसाचा. वारीत चालणाऱ्याला तो महत्त्वाचा. आयपी-६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो अशी परीक्षा; पण फोन जुना झाला की आतले रबर ढिले पडते, म्हणून प्लास्टिकची पिशवी सोडू नये. एवढे तीन रकाने भरले की बाकीचा तक्ता वाचण्याचे कारण उरत नाही.

महाभारतात ययातीची कथा आहे. त्याने मुलाचे तारुण्य मागून घेतले, हजार वर्षे भोग भोगले, आणि शेवटी त्याला कळले की भोगाने इच्छा शमत नाही. त्याला कळायला हजार वर्षे लागली. आपल्याजवळ तेवढा वेळ नाही, पण आपल्याजवळ पंधरवड्याला येणारी एकादशी आहे. म्हणून आमची वाचकांना एक साधी सूचना आहे. नवा फोन घ्यावा असे मनात आले की त्या दिवशी घेऊ नये. कोणते काम अडले ते कागदावर एका ओळीत लिहावे आणि पुढची एकादशी येईपर्यंत थांबावे. काम खरोखर अडले असेल तर पंधरा दिवसांनीही ते अडलेलेच राहील. मग बॅटरी बदलून भागते का ते पाहावे, आणि भागत नसेल तर खुशाल नवा फोन घ्यावा. आणि ती निव्वळ इच्छा असेल तर एकादशीपर्यंत ती त्या फोनवरून उठून दुसऱ्याच फोनवर जाऊन बसलेली असेल. तेव्हा कागदावरची ओळ पुन्हा वाचावी, हसावे, आणि हातातल्या फोनवर घरी खुशाली कळवून चालू लागावे.